आईचा मेंदू आकसला की मोजपट्टी बदलली?

मेंदूच्या एमआरआयच्या अहवालाला हल्ली शेवटी एक रंगीत पान जोडलेलं येतं. मेंदूच्या भागांची घनफळं मिलीमध्ये, शेजारी पर्सेंटाइल, आणि लाल-हिरवे पट्टे. ते पान हातात पडलं की बाकीचा अहवाल कोणी वाचत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतून या पानाबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. उत्तरं एक रेडिओलॉजिस्ट आणि एक एमआरआय भौतिकतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय मात्र तुमच्या न्यूरोलॉजिस्टचाच.

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची आहे. विसरभोळेपणासाठी गेल्या वर्षी ठाण्यात तिचा एमआरआय काढला. १४ महिन्यांनी ती भावाकडे वाशीला होती, म्हणून दुसरा तिथल्या सेंटरमध्ये काढला. पहिल्या अहवालात दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीशी संबंधित भाग) मिळून ६.४ मिली, पर्सेंटाइल ३४. दुसऱ्यात ६.१ मिली, पर्सेंटाइल १८. ‘कवटीच्या आतील एकूण घनफळ’ पहिल्यात १३८२ मिली, दुसऱ्यात १४२१ मिली. अल्झायमर सुरू झाला असं समजायचं का?
— नौपाडा, ठाणे

सगळे आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण खरी गोष्ट शेवटच्या जोडीत आहे. बाहत्तराव्या वर्षी कवटी वाढत नाही. तरी दुसऱ्या अहवालात ती ३९ मिलीने, म्हणजे २.८ टक्क्यांनी मोठी झाली आहे. याचा अर्थ दोन्ही ठिकाणची मोजपट्टी एक नाही. मशीन वेगळं असेल, सॉफ्टवेअर वेगळं असेल, बहुधा दोन्ही. जी पट्टी न बदलणाऱ्या कवटीत जवळपास तीन टक्के चुकते, तिने हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलेली ४.७ टक्के घट जशीच्या तशी मान्य करता येत नाही.

पर्सेंटाइल ३४ वरून १८ वर का घसरला, तेही यातूनच कळतं. पर्सेंटाइल काढताना सॉफ्टवेअर नुसते मिली बघत नाही, डोक्याच्या आकाराचाही हिशेब धरतं. ते कसा धरतं हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं असतं, पण साधा भागाकार करून पाहा. ६.४ भागिले १३८२ म्हणजे ०.४६३ टक्के, ६.१ भागिले १४२१ म्हणजे ०.४२९ टक्के. ही घट ७.३ टक्के भरते. म्हणजे कवटीच्या मापातली गफलत आईंच्या हिप्पोकॅम्पसच्या खात्यावर चढली. शिवाय १८ पर्सेंटाइल म्हणजे त्यांच्या वयाच्या शंभर निरोगी बायकांपैकी अठराजणींचा हिप्पोकॅम्पस याहून लहान. हा आकडा एकटा घेतला तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

इतक्या लहान भागात चूक एवढी मोठी का होते? हिप्पोकॅम्पस साधारण ४० मिमी लांब आणि १० मिमी जाड नळकांडं आहे असं समजा. घनफळ होतं सुमारे ३.१ मिली, आणि पृष्ठभाग सुमारे १४०० चौरस मिमी. आता सॉफ्टवेअरने कडेची रेघ सगळीकडून फक्त ०.१ मिमी आत ओढली, तर १४० घन मिमी गेले, म्हणजे साडेचार टक्के. स्कॅनमधला एक ठोकळा, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, तो असतो १ मिमीचा. त्याच्या एक दशांशाने रेघ हलली की आकडा इतका बदलतो. निरोगी ज्येष्ठांमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला सरासरी दीड टक्क्याच्या आसपास घटतो, अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अख्ख्या वर्षाचा आजार आणि रेघेतला केसभर फरक एकाच मापाचे आहेत.

पण म्हणून ‘मशीनची चूक’ म्हणून फाइल मिटवूही नका. आईंची घट वर्षाला काढली तर सुमारे ४ टक्के येते, आणि तो आकडा खोटाच आहे असंही सिद्ध झालेलं नाही. दोन्ही सेंटरकडून सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ डायकॉम फाइली, म्हणजे मशीनमधून निघालेली मूळ चित्रं, घ्या. फिल्म, पीडीएफ किंवा मोबाइलवर आलेली लिंक उपयोगाची नाही. लिंक काही दिवसांनी बंद होते आणि तिच्यात बऱ्याचदा सगळ्या मालिका, म्हणजे चित्रांचे संच, नसतात. ‘थ्रीडी टी-वन, एक मिमीची मालिका हवी’ असं स्पष्ट सांगा. मग दोन्ही स्कॅन एकाच ठिकाणी, एकाच सॉफ्टवेअरच्या एकाच आवृत्तीतून काढून घ्या. मशीनमधला फरक याने जात नाही, सॉफ्टवेअरमधला जातो. अहवालासोबत येणारी रंगीत रेघांची चित्रं रेडिओलॉजिस्टला नीट बघायला सांगा. हिप्पोकॅम्पसची रेघ शेजारच्या पाण्यात किंवा पुढच्या अमिग्डाला या भागात घुसलेली असेल तर तो आकडा सरळ बाद. आणि हिप्पोकॅम्पसच्या आसपासचा भाग किती आकसला हे डोळ्यांनी बघून दिली जाणारी ० ते ४ ची एमटीए श्रेणी दोन्ही स्कॅनवर एकाच डॉक्टरांकडून घ्या. पंचाहत्तरीच्या आत २ किंवा जास्त श्रेणी ही लक्ष देण्याजोगी धरतात. ही पद्धत ढोबळ आहे, पण मशीन बदललं तरी फारशी बिघडत नाही.

पुढचा स्कॅन काढायचाच असेल तर ठाण्याच्या पहिल्याच मशीनवर काढा. तोवर स्मृतिचाचणी, बी-१२ आणि थायरॉइड यांचे अहवाल न्यूरोलॉजिस्टच्या हातात असू द्या. आईंना काय होतंय हे ०.३ मिलीपेक्षा त्यातून जास्त कळेल.

प्रश्न : मी निवृत्त इंजिनीअर आहे. कारखान्यात प्रत्येक मापाला ± लिहिल्याशिवाय आम्ही सही करत नसू. एमआरआयच्या आकड्यांना ± का नसतं? किती बदल झाला म्हणजे तो खरा धरायचा?
— ऐरोली

± असायलाच हवं, आणि ते न छापणं ही या रंगीत पानांची सर्वांत मोठी खोट आहे.

हे ± काढायची रीत तुम्हाला ओळखीची वाटेल. माणसाला स्कॅन करायचं, टेबलावरून उतरवायचं, पुन्हा झोपवून पुन्हा स्कॅन करायचं. अर्ध्या तासात मेंदू बदलत नाही, म्हणून दोन आकड्यांतला फरक म्हणजे निव्वळ मापनाची चूक. असं बऱ्याच लोकांवर करून एका व्यक्तीतलं विचलन टक्क्यांत काढतात आणि त्याला २.७७ ने गुणतात. हा गुणक १.९६ गुणिले दोनचं वर्गमूळ असा आला. वर्गमूळ कशासाठी? बदल काढताना दोन मापं असतात आणि दोन्ही चुकू शकतात. गुणाकारापेक्षा मोठा बदल दिसला तर तो ९५ टक्के खात्रीने खरा.

याचं चांगलं उदाहरण एडीसीचं, म्हणजे पेशींच्या अवतीभोवती पाणी किती मोकळेपणाने हलतं त्या मापाचं. उत्तर अमेरिकेतल्या रेडिओलॉजिकल सोसायटीने २००७ मध्ये क्यूआयबीए नावाचा उपक्रम सुरू केला, तो याच ± साठी. त्यांनी मेंदूतल्या एडीसीसाठी विचलन ४ टक्के धरलं. चार गुणिले २.७७ म्हणजे ११ टक्के. गाठीची एडीसी ७ टक्क्यांनी वाढली म्हणून केमोचा गुण आला असं म्हणता येत नाही; १५ टक्क्यांनी वाढली तर म्हणता येतं. अट एकच, मशीन, सिक्वेन्स (चित्र घेण्याची पद्धत) आणि मोजणारं सॉफ्टवेअर तेच हवं. यातलं एक जरी बदललं तरी ११ चा आकडा लागू होत नाही.

माहितीपत्रकांत एक पळवाट नेहमी दिसते: ‘आमच्या मापनाचा सहसंबंध ०.९८’. वाशीच्या मार्केटमधला एक तराजू प्रत्येक किलोला पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर त्याचा खऱ्या तराजूशी सहसंबंध बरोबर १ येईल, आणि गिऱ्हाइक रोज नाडलं जाईल. ब्लँड आणि आल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच दाखवून दिलं होतं की दोन मापनपद्धती जुळतात का हे पाहायचं तर सहसंबंध नको, दोघांमधला फरक मांडा: सरासरी किती आणि तो कुठून कुठपर्यंत पसरतो. विक्रेत्याला हे दोनच आकडे विचारा. ते नसतील तर तुम्ही कारखान्यात जे केलं असतं तेच करा, सही करू नका.

गाठीच्या व्यासाबद्दलही एक. २० मिमीची गोल गाठ २१ मिमी मोजली गेली तर व्यास ५ टक्केच वाढला, पण घनफळ १६ टक्क्यांनी वाढलं. अहवालात टक्के वाचताना ते व्यासाचे की घनफळाचे, हे आधी बघावं.

प्रश्न : मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाचा आजार) आहे, वय ३४. या वर्षीच्या अहवालात ‘मेंदूच्या घनफळात वार्षिक घट ०.६ टक्के’ असं आलं आणि माझी झोप उडाली. स्कॅनच्या सहा आठवडे आधी अटॅक आल्यामुळे स्टेरॉइडची सलाइन झाली होती. शिवाय स्कॅन नेमका हरतालिकेच्या दिवशी संध्याकाळी होता आणि माझा निर्जळी उपवास होता. याचा काही संबंध असू शकतो का? पुढच्या वेळी काय काळजी घेऊ?
— खारघर

ताई, संबंध असू शकतो, आणि एकाच नाही, तीन बाजूंनी.

स्टेरॉइडने सूज उतरते. सूज म्हणजे पाणी. ते गेलं की मेंदू मापात लहान दिसतो. यात पेशी मेलेल्या नसतात. याला आभासी घट म्हणतात, आणि एमएसचं प्रभावी औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या सहा ते बारा महिन्यांतही ती दिसते. म्हणूनच तुलनेसाठीचा ‘पहिला’ स्कॅन औषध सुरू करण्याआधीचा न धरता, औषध लागू पडल्यावर सहा महिन्यांनी काढलेला धरणं जास्त शहाणपणाचं.

दुसरी बाजू उपवासाची. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात निरोगी माणसांना १६ तास पाण्याविना ठेवलं, तर मेंदूचं घनफळ सुमारे ०.५५ टक्क्यांनी कमी भरलं, आणि पाणी प्यायल्यावर ते भरूनही निघालं. तुमची ०.६ टक्के घट याच्या शेजारी ठेवून बघा. तिसरी बाजू वेळेची. मेंदूचं माप सकाळपेक्षा दुपारनंतर ०.२ टक्क्यांच्या आसपास कमी भरतं. गेल्या वर्षीचा स्कॅन सकाळी झालेला असेल तर तेवढा फरक काही न होताच पडला. त्यात दोन स्कॅनची जोडी जुळवून बदल काढणाऱ्या सॉफ्टवेअरची स्वतःची चूक ०.२ टक्क्यांच्या घरात असते. हे सगळं एकाच दिशेने ढकललं गेलं असेल तर तुमच्या ०.६ पैकी आजाराचं किती उरतं, हे या एका स्कॅनवरून कोणीच सांगू शकणार नाही.

एमएसमध्ये वर्षाला ०.४ टक्के ही सीमा बरेच जण वापरतात. ती ठरवतानाच मान्य केलेलं आहे की निरोगी लोकांतही पाचांतला एक जण ती ओलांडतो. तेव्हा हा आकडा बघण्याआधी नवे डाग किती, गॅडोलिनियमने (शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधाने) चमकणारे किती, आणि तुम्हाला चालताना-बघताना काय त्रास होतो, ते बघायचं. तुमचे न्यूरोलॉजिस्ट तसंच करत असतील.

पुढच्या वेळी: तेच सेंटर, तेच मशीन, शक्यतो सकाळची वेळ. स्टेरॉइडनंतर निदान दोन-तीन महिने जाऊ द्या, अर्थात डॉक्टरांनी तातडीने सांगितलं नसेल तर. आदल्या दिवशी नेहमीसारखं पाणी प्या. मुद्दाम तीन-चार तांबे ढोसायचे नाहीत, नाहीतर चूक उलट्या दिशेने होईल. एकादशी, नवरात्र, रोजे यांत तारीख घेऊ नका. मे महिन्यात ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून घामाघूम होऊन आलात तर अर्धा तास बसा, पाणी प्या, मग आत जा.

प्रश्न : मी घोडबंदर रोडच्या एका सेंटरवर एमआरआय टेक्निशियन आहे. मॅडमनी ‘व्हॉल्युमेट्री’ (मेंदूच्या भागांची घनफळं मोजणं) सुरू करायला सांगितलं आहे. पेशंटची रांग संपत नाही. आकडे चुकू नयेत म्हणून नेमकं काय सांभाळायचं?
— कासारवडवली

रांग असतानाच चुका होतात, म्हणून आधी क्रम. थ्रीडी टी-वन मालिका लोकलायझरनंतर (डोक्याची जागा बघायच्या झटपट चित्रानंतर) लगेच, पहिलीच घ्या. पाच-सहा मिनिटांची असते. ती शेवटी ठेवली की पेशंट कंटाळून हलायला लागलेला असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तोवर कॉन्ट्रास्ट दिलेला असतो. कॉन्ट्रास्टनंतर शिरा आणि मेंदूवरचं आवरण चमकतं, सॉफ्टवेअर त्यालाच मेंदूचा करडा भाग समजून मोजतं. कॉन्ट्रास्टनंतरची मालिका व्हॉल्युमेट्रीला पाठवायचीच नाही.

नेहमीच्या ५ मिमी कापांवरून हे काम होत नाही. मध्ये गॅप धरला तर अख्ख्या हिप्पोकॅम्पसवरून जेमतेम सहा-सात काप जातात. सॅजिटल, तिन्ही बाजूंनी १ मिमी, गॅप नाही, असं घ्या. कन्सोलवर ०.५ मिमीचं इंटरपोलेशन (मधले ठोकळे अंदाजाने भरणं) चालू असेल तर बंद करा. चित्र गुळगुळीत होतं, माहिती वाढत नाही. टाळू आणि दोन्ही कान पूर्ण आत हवेत. कानांच्या बाजूला स्लॅब अपुरा पडला तर एका बाजूचा कान दुमडून दुसऱ्या बाजूच्या टेंपोरल भागावर येऊन बसतो, बरोबर हिप्पोकॅम्पसच्या शेजारी. त्यासाठी स्लाइस ओव्हरसॅम्पलिंग ठेवा. फेज दिशा पुढून-मागे असेल तर नाक दुमडून डोक्याच्या मागच्या भागावर येतंय का तेही बघा.

आता ज्यात बहुतेक सेंटरं फसतात ते. ग्रेडियंट कॉइलचं क्षेत्र मधोमध सरळ असतं, कडेला वाकतं. डोकं मध्यापासून दूर गेलं की चित्र ताणलं किंवा दबलं जातं. म्हणून लेसर प्रत्येक वेळी भुवयांच्या मधल्याच खुणेवर, आणि डोकं हेड कॉइलमध्ये, म्हणजे डोक्याभोवतीच्या पिंजऱ्यात, दर वेळी तितकंच वर सरकवलेलं. मान आखडलेल्या, पाठीला बाक आलेल्या आजी-आजोबांचं डोकं कॉइलमध्ये पुरतं जात नाही; त्यांच्या बाबतीत किती सेंटिमीटर खाली राहिलं ते नोंदवून ठेवा, पुढच्या वर्षी तसंच ठेवा. डिस्टॉर्शन करेक्शन टूडी ठेवू नका, थ्रीडी ठेवा. टूडी फक्त कापाच्या पातळीतला बाक काढतं, कापांच्या आरपार दिशेतला तसाच राहतो. आणि करेक्शन केलेली, न केलेली अशा दोन मालिका तयार होत असतील तर कुठली पाठवायची ते एकदाच ठरवून भिंतीवर चिकटवा. एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरी गेली की अहवालात आजार तयार होतो.

कानाशेजारी दोन्हीकडे फोम घट्ट भरा. चित्र आल्यावर कपाळाच्या आतल्या भागात तलावातल्या लाटांसारख्या रेघा दिसल्या तर पेशंट हलला. अशी मालिका तिथल्या तिथे पुन्हा घ्या. हललेल्या चित्रात मेंदूचा करडा थर पातळ मोजला जातो, म्हणजे चूक नेहमी ‘आजारा’कडेच झुकते, आणि हलणारे पेशंट बहुधा स्मृतिभ्रंशाचेच असतात. सहा मिनिटं वाचवून चुकीचं निदान द्यायचं की रांग थोडी थांबवायची, हे मॅडमना आधीच विचारून ठेवा म्हणजे ऐन वेळी वाद नको.

हेड कॉइल तीच. वीस चॅनेलवर पहिला आणि चौसष्टवर दुसरा असं नको. प्रवेग, म्हणजे ॲक्सिलरेशन, तितकाच. नव्या सॉफ्टवेअरमधलं एआय रिकन्स्ट्रक्शन चालू केलं की कडा जास्त धारदार होतात आणि रेघ सरकते. चालू करायचं तर तारीख लिहून ठेवा आणि अहवालात तसं छापायला सांगा. नाव लपवून फाइल पाठवताना वय आणि लिंग पुसलं जाणार नाही याची काळजी घ्या. वयच नाही गेलं तर पर्सेंटाइल कशाच्या आधारावर काढणार?

आता फँटमबद्दल, म्हणजे मशीनचं माप तपासायच्या, ठरलेल्या आकाराच्या पाणीभरल्या डब्याबद्दल. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसल्यामुळे ते एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवान्यात येत नाही, तेव्हा कोणी विचारणारं नाही म्हणून फँटम कपाटात पडून राहतो. आठवड्यातून एकदा, सकाळी पहिल्या पेशंटआधी लावा. रात्रभर मशीनच्याच खोलीत ठेवा म्हणजे तापमान सारखं राहील, लेव्हलने सरळ करा आणि आतलं पाणी स्थिर व्हायला काही मिनिटं थांबा. एसीआरच्या (अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या) मोठ्या फँटमचा आतला व्यास १९० मिमी, लांबी १४८ मिमी. त्यात ±२ मिमी इतकी मुभा वर्षानुवर्षे धरली गेली. नेहमीच्या निदानाला ती ठीक आहे. पण १९० मध्ये २ मिमी म्हणजे एका दिशेत एक टक्का, आणि तिन्ही दिशांत तसंच असेल तर घनफळात तीन टक्क्यांहून जास्त. फँटम ‘पास’ झाला एवढ्यावर व्हॉल्युमेट्री विश्वासार्ह ठरत नाही. पास-नापास न लिहिता प्रत्येक आठवड्याचे मिमी वहीत लिहा. १९०.२, १९०.१, १९०.३ असं चाललेलं माप सर्व्हिस इंजिनीअर येऊन गेल्यावर १८९.१ झालं, तर तो अजूनही ‘पास’च असतो, पण तुमच्या दृष्टीने त्या दिवसापासून मशीन नवं झालं.

प्रश्न : वडिलांना (७६) एनपीएच (नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलस, मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा आजार) असल्याची शंका आहे. इव्हान्स इंडेक्स एका सेंटरला ०.३३, दुसऱ्याला ०.३१. कोणता खरा?
— नेरूळ

दोन्ही. इव्हान्स इंडेक्स म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या पुढच्या टोकांची, म्हणजे शिंगांची, रुंदी भागिले त्याच कापातली कवटीच्या आतली रुंदी. गुणोत्तर असल्यामुळे मशीनने चित्र सगळीकडून सारखं ताणलं तरी बिघडत नाही, हा त्याचा मोठा गुण. चूक होते ती काप निवडताना आणि डोकं तिरकं असताना. ४२ भागिले १२८ केलं तर ०.३३, शेजारच्या कापात ४० भागिले १२९ केलं तर ०.३१. दोन मिमीचा खेळ. दोन्ही आकडे ०.३ च्या वर आहेत, म्हणजे पोकळ्या मोठ्या आहेत एवढं नक्की. एनपीएचचं निदान त्यावर होत नाही; चाल, लघवी, स्मृती आणि पाठीतून पाणी काढल्यावर चालण्यात पडणारा फरक यांवर होतं.

प्रश्न : पर्सेंटाइल काढताना आपली तुलना कोणाशी होते? अमेरिकन माणसांशी केली तर आपला मेंदू लहानच दिसणार ना?
— पनवेल

शंका रास्त आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमागची निरोगी माणसांची यादी मुख्यतः अमेरिका-युरोपातली आहे, आणि संशोधनात मेंदू ज्या साच्यात बसवतात तो एमएनआय साचा मॉन्ट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटचा. हैदराबादच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये १०० भारतीय तरुणांवरून ‘आयबीए १००’ हा मेंदूनकाशा केला, तेव्हा लांबी, रुंदी, उंची तिन्ही त्या पाश्चात्त्य साच्यापेक्षा सरासरीने कमी आली. त्याचा बुद्धीशी काही संबंध नाही, हे वेगळं सांगायला नको.

डोक्याच्या आकाराने दुरुस्ती केल्यावर ही अडचण बरीच कमी होते, संपत नाही. आयबीए तरुणांचा आहे, सत्तरीच्या आजींना तो लावता येत नाही. म्हणून सेंटरला विचारा: तुलनेच्या यादीत किती माणसं, माझ्या वयाची किती, कुठली, कुठल्या ताकदीच्या मशीनवरची. ऐंशीच्या पुढच्या वयात यादी विरळ असते आणि पर्सेंटाइल अंदाजपंचे होतो.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. पाच पर्सेंटाइलच्या खाली गेलं की पट्टा लाल होतो. पानावर वीस भागांची यादी असेल, तर पूर्ण निरोगी माणसातही सरासरी एक भाग लाल निघणारच. एकाच बाजूचा, कुठल्याच लक्षणाशी न जुळणारा लाल पट्टा असेल तर तो बहुतेक वेळा याच जातीचा असतो. स्वतःच्या जुन्या स्कॅनशी केलेली तुलना परक्या शंभर जणांशी केलेल्या तुलनेपेक्षा नेहमीच भारी.

प्रश्न : एमडीच्या प्रबंधासाठी १.५ टेस्ला आणि ३ टेस्ला अशा चुंबकाच्या वेगवेगळ्या ताकदीच्या दोन मशीनवरचे जुने स्कॅन एकत्र करून फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरने मेंदूच्या करड्या थराची जाडी मोजते आहे. अर्धे विभागातल्या जुन्या संगणकावर झालेत, उरलेले नव्यावर करू का?
— कोपरखैरणे

नको. सगळे एकाच संगणकावर, एकाच आवृत्तीत पहिल्यापासून करा, आधीचे अर्धेही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढले, तर घनफळांत सरासरी ८.८ टक्के आणि जाडीत २.८ टक्के फरक पडला. संगणक आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बदलूनही फरक आले, लहान का होईना. आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि वापरलेली आज्ञा प्रबंधात जशीच्या तशी छापा.

दोन ताकदींमध्ये करड्या-पांढऱ्या भागाचा उठाव वेगळा असतो, त्यामुळे सीमा वेगळ्या जागी पडते. कॉम्बॅटसारख्या संख्याशास्त्रीय पद्धतीने मशीनचा परिणाम काढता येतो, पण त्याला प्रत्येक मशीनवर पुरेसे रुग्ण आणि पुरेसे निरोगी, दोन्ही हवेत. तुमचे रुग्ण बहुतेक ३ टेस्लावर आणि निरोगी १.५ वर असतील तर कुठलंच गणित तुम्हाला वाचवणार नाही. आजार आणि मशीन एकमेकांत असे मिसळले की सोडवता येत नाहीत. हे आजच मोजून बघा, परीक्षकांनी विचारण्याआधी.

त्याच माणसाचे दोन वेळचे स्कॅन असतील तर फ्रीसर्फरची लाँजिट्यूडिनल पद्धत वापरा. ती दोन्ही स्कॅनना मधल्या समान जागी आणून मोजते, एकाला मूळ आणि दुसऱ्याला जुळवलेला करत नाही. नाहीतर फक्त दुसरा स्कॅन इंटरपोलेशनने किंचित धूसर होतो आणि ती धूसरता घट म्हणून मोजली जाते. मोजणीनंतर प्रत्येक चित्र डोळ्यांनी तपासा, आणि ते तपासताना कोण रुग्ण, कोण निरोगी हे तुम्हाला माहीत नसावं.

प्रश्न : एएसएल स्कॅनआधी चहा घेतला तर चालतं का?
— कळवा

नको. एएसएल मेंदूचा रक्तप्रवाह मोजतं आणि कॅफीन तो कमी करतं. २५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन घेतलं तर २० ते ३० टक्क्यांपर्यंत. टपरीच्या एका कटिंगमध्ये त्याचा लहानसा वाटाच असतो, पण सकाळपासून चार झाले असतील तर दिसतं. चहा घेऊन झालाच असेल तर लपवू नका, किती वाजता किती घेतला ते टेक्निशियनला सांगा. रोज पिणाऱ्याने एकदम सोडला तरी प्रवाह उलटा वाढतो, म्हणून दोन्ही वर्षी सवय सारखीच ठेवा. हिमोग्लोबिन कमी असेल तर तोही आकडा फॉर्मवर लिहा. रक्त पातळ असलं की प्रवाह खरोखर वाढतो आणि गणितात धरलेला रक्ताचा टी-वन वेळही (रक्तावर केलेली चुंबकीय खूण विरायला लागणारा वेळ) चुकतो. सत्तरीच्या वरच्या पेशंटला लेबलनंतरचा, म्हणजे रक्तावर ही खूण केल्यानंतरचा, थांबा १८०० ऐवजी २००० मिलिसेकंद ठेवतात, कारण रक्त पोचायला वेळ लागतो. थांबा कमी पडला तर रक्त वाटेतच असताना चित्र निघतं, आणि अहवालात रक्तपुरवठा कमी असल्याचं लिहून येतं.